पांढरा थर

आमच्या दुकानाचा नियम असा, की जी मुलगी जे क्रीम विकते तेच तिनं तोंडाला लावून उभं राहायचं. माझ्याकडे सनस्क्रीनचं काउंटर. मॅनेजरबाईंचं लाडकं जेल पाण्यासारखं, लावलं की दिसेनासं व्हायचं. माझ्या गालांची त्यानं नुसती आग आग झाली. डॉक्टर म्हणाले, "कातडी नाजूक आहे तुझी. झिंकचं सनस्क्रीनच लाव, दुसरं काही नको."

आमच्याच काउंटरवरचं लावलं. पण माझा रंग काळा आणि ते पांढरंफटक, कितीही चोळा, थर राहतोच. वहिनी म्हणाली, "अगं, पिठाच्या डब्यात तोंड घातलंस का?" घरच्यांचं हसायला काय जातंय!

मॅनेजरबाई हसल्या नाहीत. "हे तोंड बघून एक जरी गिऱ्हाईक बिचकलं ना, तर काउंटर विसर."

त्याच दुपारी एक बाई लेकीसाठी सनस्क्रीन घ्यायला आली. पोरगी पोहायला जाणारी, माझ्याच रंगाची, गालांवर पुरळ. मॅनेजरबाई माझ्या पाठीशीच उभ्या. गुपचूप जेल काढून द्यायचं की नाही? पण ते गाल बघून मला राहवेना.

"ताई, हिला जेल नको, झोंबेल. झिंकचं घ्या. मीही तेच लावलंय."

बाईनं माझं तोंड निरखून पाहिलं. "नको गं बाई! अशी दिसली तर सगळ्या हसतील हिला." आणि जेलच घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी माझी रवानगी मागच्या गोदामात. "तिथं ऊन नाही, काही लावायलाच नको," मॅनेजरबाई म्हणाल्या. आई म्हणाली, सावलीत बसायला मिळालं, नशीब समज. नशीब कसलं डोंबलाचं! काउंटरवर माणसं बोलायची माझ्याशी. इथं बोलायला खोकी.

पुढच्या आठवड्यात बाहेर आरडाओरडा झाला म्हणून डोकावले. तीच बाई, तीच पोरगी. गाल लालबुंद, डोळे सुजलेले.

"कुणी दिलं हे? कुठंय ती?"

"तिनंच दिलं हो, ताई," मॅनेजरबाई गोड आवाजात म्हणाल्या. "म्हणून तर तिला आत टाकलंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच बाहेर येऊन उभी राहिले. बाईनं मला पाहिलं. तिला सगळं आठवत होतं, नजरच सांगत होती.

पोरगी म्हणाली, "आई, ही तर जेल नको म्हणत होती."

"तू गप्प बस," बाई म्हणाली, आणि मॅनेजरबाईंकडे वळली. "बरं केलंत आत टाकलंत ते."