तिसरं फोल्डर

माझा साडू घरातलं कपाट आवरतो तसाच कोड आवरतो. सारख्या दिसणाऱ्या वस्तू एका खणात कोंबायच्या आणि रिकाम्या फळीकडे कौतुकाने बघत बसायचं. हा महाभाग आमच्या टीमचा प्रमुख होऊन आला.

आम्ही कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, असा भाग लिहितो, ज्याच्या जोरावर एका यंत्रात अनेक आभासी यंत्रं चालतात. प्रोसेसर तीन जातींचे, म्हणून फोल्डरही तीन. तिसरं माझं. शुक्रवारच्या चाचणीत माझा प्रोसेसर नापास झाला, तर तो प्रकल्पातून जाणार होता आणि त्याच्याबरोबर मीही.

साडूने तिन्ही फोल्डर उघडून नाक मुरडलं.

"एकच फंक्शन तीनदा? साडूभाऊ, हे काय चाललंय?"

"एकच नाही. माझ्यातला आकडा बघ."

"चौसष्ट. बाकी दोन्हींत चार आहे. म्हणजे तुमचा चुकलाय."

"अरे, माझा प्रोसेसर मेमरीचे तुकडेच चौसष्ट केबीचे पाडतो."

"घरचा माणूस म्हणून सांगतो, जुन्या कोडचा मोह सोडा."

त्याने चौसष्टचे चार केले, फंक्शन 'सामाईक' नावाच्या नव्या फोल्डरात टाकलं आणि स्वतःच्या लॅपटॉपवर चालवून पाहिलं. लॅपटॉपचा प्रोसेसर पहिल्या जातीचा. तिथे न चालायला काय धाड भरली होती? तेवढ्यावर स्वारीने वरिष्ठांना यशाची मेल ठोकली.

शुक्रवारी माझं यंत्र सुरू होता होताच आडवं झालं. वरिष्ठ माझ्याकडे बघू लागले. साडूसुद्धा माझ्याकडेच बघू लागला, जसं काही त्याचा या कामाशी संबंधच नव्हता. मी 'सामाईक'मध्ये चारचे चौसष्ट केले. माझं यंत्र उठलं, त्याचा लॅपटॉप झोपला. त्याचा चेहरा बघून मला मनापासून आनंद झाला.

जेवणाच्या सुट्टीनंतर साडूसाहेबांना नवी कल्पना सुचली होती. 'सामाईक'च्या आत तीन फोल्डर, प्रत्येक प्रोसेसरला एक. म्हणजे होतं तेच, एक पायरी खाली. चाचणी पास झाली. वरिष्ठांनी या रचनेबद्दल त्याची पाठ थोपटली.

रविवारी दोघं आमच्याकडे जेवायला आले. मेहुणी माझ्या बायकोला म्हणाली, "ताई, भावोजींची नोकरी जाणारच होती. ह्यांनी सांभाळून घेतलं."

"घरच्यांसाठी एवढं करावंच लागतं," साडू भरल्या तोंडाने म्हणाला.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बायकोने डोळे वटारले आणि त्याच्या ताटात आणखी वाढलं.