पुंजाजींच्या डब्यातली खिरापत

सोयाबीन सोंगायच्या, कापणीच्या दिवसांत घरात माणूस टिकत नाही, हे पुंजाजींना नव्याने सांगायला नको. तरी यंदा मेडशीतलं त्यांचं घर जरा जास्तच गप्प होतं. बायको मनकर्णाबाई लेकीच्या बाळंतपणाला गेलेली, मुलगा हरीओम दिवसभर शेतात. मग घरात उरलं कोण, तर सासरा आणि उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली सून. रूपाली कामाला वाघीण, पण बोलायला महाकंजूष. "जी मामाजी" आणि "नाई मामाजी" एवढ्या भांडवलावर तिनं सासू गेल्यापासूनचे आठ दिवस काढले होते. पुंजाजी पडले बोलघेवडे. पोरगी आपल्या घरी रमली नाही की काय, या विचारानं त्यांना भाकर गोड लागेना.

आश्विनातले भुलाबाईचे दिवस होते. गल्लीतल्या पोरी दिवेलागणीला घरोघर जाऊन गाणी म्हणत. गाणी संपली की त्या घरची बाई बंद डबा हलवून आतली खिरापत ओळखायला लावी. पोरी 'हरलो' म्हणाल्या तरच त्या बाईची मान ताठ. कोजागिरीच्या आदल्या दिवशी पाळी पुंजाजींच्या घरची होती, आणि त्या सकाळी चमत्कार झाला. रूपाली आपणहून बोलली.

"मामाजी, माहेरी मानोऱ्यात मी कोनाचीबी खिरापत ओळखत होती. आज माही कोनालेच ओळखू देत नाई."

"काय करून राह्यली वो?"

"सांगत नसतात!" ती म्हणाली आणि चक्क हसली.

पुंजाजींना वाटलं, आज ही जिंकली पाहिजे बुवा. जिंकली तर घरात जरा आवाज होईल.

दुपारी रूपाली भाकरी घेऊन शेतात गेली. ती तिथं असतानाच आभाळात दोन ढग दिसले, म्हणून पुंजाजी थ्रेशरवाल्या मदनसिंगला घेऊन ताडपत्री न्यायला शेतातून घरी आले. फळीवर त्यांचा स्वतःचा, शेतात न्यायचा डबा दिसला. उचलला तर जड. उघडला तर करंज्या, आणि त्याही आत लसूण-तिळाचं सारण भरलेल्या, तिखट! सुनेनं आपल्यासाठी न सांगता डबा भरून ठेवला, या कल्पनेनंच म्हातारा विरघळला. एक स्वतः खाल्ली, एक मदनसिंगला दिली. "सूनबाईच्या हातची हाय, खा लेका," असं म्हणत म्हणत दोघांनी डबा पुसून काढला. रिकामा डबा झाकण लावून पुन्हा फळीवर गेला. ढग आले तसे निघून गेले, सोयाबीनची गंजी कोरडी राहिली. पुंजाजींना तो दिवस सोन्याचा वाटला.

संध्याकाळी हातपाय धुऊन ते घरात आले आणि जागच्या जागी थिजले. फळीवर भुलाबाईची मूर्ती मांडली होती, आणि शेजारच्या त्यांच्या त्याच डब्याला न उचलता, जागेवरच हळदीकुंकू लावलं होतं. घरातले बाकी सगळे डबे पोरींच्या ओळखीचे, म्हणून रूपालीनं खिरापत लपवायला नेमका सासऱ्याचा डबा निवडला होता. ती आत लुगडं बदलत होती. पोरींची गाणी शेजारच्या अंगणात आली होती. खरं सांगून टाकावं, असं एकदा त्यांच्या मनात आलं. पण 'सासऱ्यानं खिरापत खाल्ली' ही बातमी पुढच्या आश्विनापर्यंत मेडशीला पुरली असती, आणि पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं असतं ते वेगळंच. त्यांनी कडब्यात पिकायला घातलेली तीन सीताफळं काढली, आपल्या दुपट्ट्यात गुंडाळली, डब्यात कोंबली आणि शहाण्यासारखे कोपऱ्यात जाऊन बसले.

पोरी आल्या. गाणी झाली. रूपालीनं ऐटीत डबा उचलला, हलवला आणि तिचा चेहरा उतरला. आतून भदभद असा आवाज आला. करंजी असा आवाज करत नाही. तिनं वजन पाहिलं, मग सासऱ्याकडे पाहिलं. सासरा आढ्याकडे पाहत होता. त्याच्या पांढऱ्या मिशीत दोन तीळ अडकले होते.

"गोड का तिखट?" दहा वर्षांची योगिनी विचारत होती. "सांग ना, वहिनी!"

रूपालीचे ओठ थरथरले. पुंजाजींनी डोळे मिटून घेतले. आता ही रडणार, आणि उद्या सकाळच्या एसटीनं मानोऱ्याला जाणार.

"मलेच ठाऊक नाई!" ती म्हणाली आणि तिला असं हसू फुटलं की डबा हातातून सुटता सुटता राहिला. "माह्या डब्यात चोर शिरला वो बायांनो! मामाजी, या इकडं. आता तुमीच हालवा!"

डबा त्यांच्या मांडीवर आदळून ती सरळ पोरींमध्ये जाऊन मांडी घालून बसली. डोक्यावरचा पदर कधीच खांद्यावर आला होता.

"गोड," पुंजाजी अपराधी आवाजात म्हणाले.

"तळेल का भाजेल?"

"दोनीबी नाई."

"उकडेल?"

"नाई."

लाडू, खीर, शिरा, सगळं होऊन गेलं. पोरी रडकुंडीला आल्या. पुंजाजींना मात्र आता चांगलाच जोर चढला होता.

"मंग काय कच्चंच हाय का?" योगिनी वैतागली.

"कच्चं काहून राहीन? चांगलं पिकेल हाय!"

"सीताफळ!" रूपाली एवढ्या जोरात ओरडली की शेजारची तुळसाबाई भिंतीवरून डोकावली. "हारले! मामाजी हारले!"

पोरींनी घर डोक्यावर घेतलं. सीताफळं फुटली, हात चिकट झाले, अंगणभर बिया झाल्या. आपल्याच घरात हरून पुंजाजी इतके खूश कधी झाले नव्हते.

पोरी गेल्यावर रूपाली कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. "कशा झाल्या होत्या करंज्या?"

खोटं बोलायची हिंमत त्यांच्यात उरली नव्हती. "मीठ जरा जास्त पडलं होतं, माय."

"मंग एकबी काहून नाई उरवली?"

पाट ओढून पुंजाजी म्हणाले, "वाढ आता. आन् भांडायचं राह्यलं असन, त जेवता जेवता भांड."