सेनापतींचा अंबाडा

मी एक दिनारिअस बोलतोय. रोमन साम्राज्याचं चांदीचं नाणं. चांदी म्हटलं तरी माझ्यात ती जेमतेम निम्मी, बाकी तांबं; उगाच बढाया कशाला मारू? तापवलेली चकती ठशावर ठेवली, वरून दुसरा ठसा टेकवला, हातोड्याचा घाव बसला आणि मी जन्माला आलो. एका बाजूला चेहरा, दुसऱ्या बाजूला देवी.

मग किती हात पाहिले ते विचारू नका. व्यापाऱ्यांच्या गलबतातून समुद्र ओलांडला, इथल्या बाजारांत फिरलो, मातीत गाडला गेलो. शेवटी एका घराचा पाया खणताना कुदळीने मला वर काढलं आणि मी त्या घरचाच झालो.

माझ्या चेहऱ्यावर सरळ नाक आणि डोक्यावर खाचाखाचांचं काहीतरी घट्ट बसवलेलं. घरच्यांनी ते शिरस्त्राण ठरवलं आणि मी सेनापती झालो. पुढच्या पिढीत तर घराण्याचा मूळ पुरुषच! देवीच्या पायाशी मोर आहे, त्याला ते सेनापतींचा कोंबडा म्हणत. मूल जन्मलं की त्याचं नाक माझ्याशी ताडून बघत. माणसांना पूर्वज मोठाच लागतो.

आताच्या कर्त्या पुरुषाला, अप्पांना, माझा भारी अभिमान. त्यांची नवी सून संग्रहालयात नाण्यांच्या विभागात काम करते. तिच्या प्रदर्शनासाठी त्यांनी मला हौसेने दिलं.

"पाटीवर 'सेनापती' ठळक लिही हं, सूनबाई. सगळे नातेवाईक बोलावलेत."

तिने मला खिडकीशी तिरप्या उजेडात धरलं, भिंग लावलं आणि तिचा चेहराच उतरला. अप्पांचं मन मोडायचं की पाटीवर खोटं लिहायचं? बिचारी त्या दिवशी धड जेवलीसुद्धा नाही. शेवटी तिने भिंग अप्पांच्या हातात दिलं.

"अप्पा, या नाण्यांवर सहसा सेनापती नसतात. सम्राट असता तर डोक्यावर बहुतेक पानांची माळ असती, मानेवर तिच्या फिती लोंबल्या असत्या."

"माळ कशाला? शिरस्त्राण आहे ना!"

"त्या खाचा म्हणजे विंचरलेले केस आहेत. जरा मानेपाशी बघा."

अप्पांनी पाहिलं. भिंग पुसून पुन्हा पाहिलं. "हा... अंबाडा?"

"ही राणी आहे, अप्पा. आणि तो कोंबडा नाही, मोर आहे. मोरवाली देवी बहुधा राण्यांच्याच नाण्यांवर असते."

अप्पांनी मला खिशात टाकलं. "प्रदर्शन-बिदर्शन काही नको!"

"नाणं तुमचं आहे," ती हळूच म्हणाली, "पण खोटी पाटी माझ्याने लिहवणार नाही."

घरी अप्पांच्या थोरल्या बहिणीने, आक्कांनी, सगळं ऐकलं आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर त्या हसल्या. "अरे, या घरात कधी सेनापतीचं चाललंय का? आधी आजीचं, मग आईचं, आता माझं! पोरगी खरं बोलली. चारचौघांत तिला तोंडघशी पाडू नकोस."

अप्पांनी मला खिशातून काढलं. मला वाटलं, आता आपली रवानगी कपाटात.

पण प्रदर्शनाच्या दिवशी सगळ्या गोतावळ्यापुढे अप्पांनी स्वतः मला सुनेच्या तळहातावर ठेवलं. "मंडळी, हा आपला मूळ पुरुष नाही. ही कुठलीशी परकी राणी आहे. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बघत बसलो, ओळखलं माझ्या सुनेने!" सूनबाईला हुंदका आवरेना. मलाही आवरला नसता, पण धातूला रडता येत नाही.

आता मी काचेच्या पेटीत मजेत आहे. सवडीने या, मला नीट निरखा. फक्त 'शिरस्त्राण' असं मोठ्याने म्हणू नका. अप्पा जवळपासच असतात, आणि एकदा का त्यांनी तुम्हाला अंबाडा समजावायला घेतला, की संग्रहालय बंद होईपर्यंत तुमची सुटका नाही.