आडोसा

"मावशी, पाणी पिलासा का?" मुकादम जोतीरामनं पुन्हा विचारलं.

"पिले की मगाशी," झुंबरबाईंनी डोक्यावरची खडीची पाटी न उतरवताच ठोकून दिलं.

साफ खोटं. सकाळी निघताना कपभर चहा पोटात गेला होता, तेवढाच ओलावा. गडमुडशिंगीच्या रस्त्यावर डांबर पडत होतं. वर सूर्य आणि खाली डांबर, माणूस भाकरीसारखा दोन्ही बाजूंनी भाजत होता. पाण्याचा गार जार बाभळीखाली ठेवलेला. गडी येत, घटाघटा पीत, आणि लागली की कुठल्याही बांधाकडे तोंड करून उभे राहत. पुरुषाचं बरं असतं, देवानं त्याला लाज बेतानंच दिलीय.

बाईनं बसायचं कुठं? दोन्ही बाजूंना ऊस तोडून मोकळी झालेली रानं, आणि रस्त्यावर गाड्यांची रीघ.

गेल्या उन्हाळ्यापर्यंत ही अडचण नव्हती, कारण चिमणाबाई होती. टोळीत बायका या दोघीच. एकीनं बसायचं, दुसरीनं पदर पसरून पाठमोरं उभं राहायचं. बसलेली मधूनच विचारायची, "हायस न्हवं गं?" उभी असलेली म्हणायची, "हाय की! कुठं पळून जातीया?" मग दोघी पोरींसारख्या खिदळायच्या आणि परत आल्या की तांब्या तांब्या पाणी प्यायच्या.

गेल्या साली चैत्रात झुंबरबाई जोतिबाच्या यात्रेला गेल्या. दरसालचा नेम, तो कसा मोडायचा? गुलालानं माखून, चिमणाबाईच्या वाटणीचं खोबरं पदराला बांधून त्या परतल्या. इकडं यात्रेच्या दिवशी चिमणाबाई कामावर एकटीच बाई होती. दुपारी खडीच्या ढिगाशेजारी पडली ती उठलीच नाही. ऊन लागलं, सगळे म्हणाले. "पाणी भरून ठेवलंतं की मी!" म्हणून जोतीराम लहान पोरासारखा रडला होता. पाणी होतं, हे खरं. तिनं त्याला हात का लावला नाही, ते फक्त झुंबरबाईंना ठाऊक होतं. पण असलं बोलणं पुरुषांपुढं काढायचं कसं? त्या तोंड मिटून राहिल्या. आता वर्षभर टोळीत त्या एकट्या होत्या, आणि तहान मारायला शिकल्या होत्या.

दुपारी पाटी उचलताना त्यांच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. पायात गोळे आले. पाटी निसटली, खडी सांडली आणि त्या मटकन खाली बसल्या. दोघा गड्यांनी त्यांना धरून बाभळीखाली आणलं. जोतीराम तांब्या घेऊन धावला.

"प्या म्हनतोय न्हवं कवाधरनं! चिमणामावशीगत मरायचं हाय का तुमास्नी?"

ते नाव ऐकलं आणि झुंबरबाईंचा बांध फुटला.

"आनि पिऊन जाऊ कुठं रं? हाय का कुठं आडोसा? तिला काय तान लागली न्हवती व्हय? मी न्हवते, म्हनून तिनं पाणी पिलं न्हाय. म्हनून मेली ती!"

जोतीरामाची मान खाली गेली. तांब्या त्यांच्या हातात देऊन तो उठला, डांबराच्या पिंपांवरची ताडपत्री ओढून आणली, आणि एक टोक ट्रॉलीला, दुसरं बाभळीला बांधून पडदा केला.

"चला रं समदी, लांब व्हा. कुनी माघारी बगायचं न्हाय!"

झुंबरबाई पाणी प्यायल्या. आणखी प्यायल्या. ओला पदर डोक्यावर घेऊन सावलीत बसून राहिल्या. अंगात जरा त्राण आलं तशा ट्रॉलीचा आधार घेत उठल्या आणि ताडपत्रीच्या आड गेल्या.

बसता बसता जुन्या सवयीनं तोंडातून निघून गेलंच, "हायस न्हवं गं?"

पलीकडं कुणी नव्हतं. गडी शब्द पाळून पार लांब, पाठमोरे उभे होते. झुंबरबाई मात्र कान देऊन तशाच बसून राहिल्या.