चार बायांत

नगर जिल्ह्यातल्या एका छोट्या तुरुंगात बायकांच्या बराकीत सरवरी एकटीच कैदी होती. भाऊबंदकीच्या मारामारीत तिच्या हातून दिराचं डोकं फुटलं होतं. तिच्यावर पहाऱ्याला बनुबाई असे. बनुबाई विधवा, घरी वाट बघणारं कुणी नाही. दिवसभर गजांच्या आतबाहेर बसून दोघी माहेरच्या गोष्टी करत.

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी तुरुंगसुधारणेची समिती पाहणीला आली. साहेबांनी विचारलं तेव्हा बनुबाई धीर करून बोलली, "साहेब, सांजच्याला मी घरी जाते, मंग ही भिंतीसंगं बोलती. हिला चार बायांत ठेवा."

पुढं बरेच महिने काही हललं नाही. मग एकदाचं सरकारचं उत्तर आलं. पुष्कळ शिफारशी विचाराधीनच राहिल्या होत्या, पण एकट्या पडलेल्या स्त्री-कैद्यांना पुण्याच्या मोठ्या तुरुंगात हलवायची शिफारस मंजूर झाली होती. जेलरसाहेबांनी ते सांगताच सरवरीनं बनुबाईचे हात घट्ट धरले.

"तितं लई बाया असतील, व्हय?"

"लई. बोलून बोलून दमशील."

निघायच्या सकाळी गाडीत चढताना सरवरी म्हणाली, "बनुबाई, तुमी बी चला की."

"मला कोन शिक्षा देनार, बाई?" बनुबाई हसली.

गाडी गेली. नवा हुकूम येईपर्यंत तिला बराकीवरच थांबायला सांगितलं होतं. तिनं बराक झाडून काढली. आपण मागितलं तेच मिळालं, सरवरीचं भलं झालं, असं तिनं मनाला बजावलं. पण दुपार काही केल्या सरेना. उगाचच फाटकापर्यंत जाऊन तिनं शिपायाला वेळ विचारली. त्यानं सांगितली आणि तो पुन्हा आपल्या कामाला लागला.