लाभ, दोन, तीन

पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर लिंबाखाली पाळणाघर होतं आणि ते मार्थाबाई एकटी सांभाळत होती. परवा ती एकाला सुकडी भरवत असताना दुसरं रांगत थेट मातीच्या खड्ड्याच्या कडेला गेलं. तेव्हापासून तिनं दुसऱ्या बाईसाठी मुकादमाचं डोकं खाल्लं होतं. तिसाच्या वर मुलं असतील तरच दुसरी बाई, असा नियम होता. म्हणून आज नगरहून सोहोनी साहेब मोजायला आले. ते स्टॅटिस्टिक्सचे पदवीधर, नुकतेच रुजू झालेले. मार्थाचा प्रार्थनेवर जेवढा विश्वास, तेवढा त्यांचा आकड्यांवर.

त्यांनी पहिल्या पोरीच्या डोक्यावर बोट ठेवून "एक" म्हटलं मात्र, जेवणाच्या सुट्टीत आलेल्या आया आपापली पोरं पदराखाली घेऊन उठल्या.

"पोरं मोजत्यात व्हय कुनी?" त्यांतली रंगुबाई म्हणाली. "दिष्ट लागंल."

"अहो, मोजल्याशिवाय दुसरी बाई कशी मिळणार?"

मार्था मध्ये पडली. "साहेब, खळ्यावर धान्य मापताना एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. तसं म्हणा."

आयांनी एकमेकींकडे पाहिलं. राशीसारखं मापायला हरकत नव्हती. पोरं पुन्हा ओळीत बसली.

"लाभ," साहेबांनी पहिल्या डोक्यावर बोट ठेवलं. मग दुसऱ्या डोक्यावर. "एक."

चूक मार्थाच्या लगेच लक्षात आली. आता टोकलं तर पुन्हा पहिल्यापासून, आणि तेवढ्यात आया पोरं घेऊन चालत्या होणार. तिनं मोजणी तशीच पुढं जाऊ दिली. शेवटच्या पोरानं साहेबांचं बोट चावायला पाहिलं.

"तीस. नेमकी तीस. माझा नाइलाज आहे, मार्थाबाई."

"साहेब, लाभ म्हणजेच एक. पुढं दोन म्हणायचं होतं."

"मला वाटलं, ते आधी घ्यायचं देवाचं नाव असेल."

"देवाचं नाव घेताना बोट माज्या गोदीच्या डोक्यावर हुतं," रंगुबाई म्हणाली. "लेकराला पार हिशेबातनं उडवलंत की."

"मग पुन्हा मोजतो."

"एकदा मापलं ते मापलं. आता न्हाई हात लावू देनार."

पडताळा न घेता आकडा लिहिणं साहेबांच्या हातून कधी घडलं नव्हतं. त्यांनी गोदीकडे पाहिलं. नाकाला सुकडी फासून ती त्यांच्याकडे टक लावून बघत होती. शून्य म्हणावं अशी ती कुठूनच दिसत नव्हती.

"एकतीस," त्यांनी लिहिलं. "दुसऱ्या बाईची शिफारस करतो. हुकूम यायला मात्र..."

रंगुबाई तोवर लिंबाखाली फतकल मारून बसली होती.

"अहो, पण तुमची हजेरी कुठं लावायची, मातीकामावर की इथं?"

"ते तुमी आन मुकादम बगा. मी बसले."

साहेबांना आणखी एखादा नियम आठवायच्या आत मार्थानं सगळ्यात रडकी दोन पोरं रंगुबाईच्या मांडीवर ठेवली.