मीराबाईंचे धडे आणि माझी चौसष्ट एमबी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि माझ्या हातून एक धडा हरवला आहे. ते उघडकीला आलं तो दिवस मार्च २००५ मधला. वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेत, रूपरावांच्या घरी, खिडकीखालच्या टेबलावर मी होतो. टेपरेकॉर्डरची वायर माझ्या पाठीला लावलेली होती. आदल्या दिवशी एक कॅसेट वाजली आणि मी ती तासभर ऐकून डिस्कवर उतरवून घेतली. सकाळी रूपरावांनी ती माझ्याकडून ऐकायला घेतली.

बाईंचा आवाज आला. "मुलांनो, धडा पहिला." मग तो तुटला. पुन्हा आला, पुन्हा तुटला. दर अर्ध्या मिनिटाला दोन-तीन शब्द गायब. रूपरावांनी मूळ कॅसेट पुन्हा लावली, तर नुसती खरखर. टेपच्या हेडवर तपकिरी भुकटी जमली होती. पावसाळ्यात ट्रंकेत पाणी शिरून त्या कॅसेटी भिजल्या होत्या. एकदा वाजण्याइतकाच जीव त्यांच्यात उरला होता आणि पहिल्या कॅसेटची ती एक वेळ माझ्यापायी वाया गेली.

रूपरावांनी टेप बंद केला, हेड कापसाने पुसलं आणि बाकीच्या तेवीस कॅसेटी कापडात गुंडाळून कपाटात ठेवल्या.

मीराबाई त्यांची बायको. केळझरच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या. १९९६ पासून सुटीच्या दिवशी घरी बसून त्या सातवीचं विज्ञान वाचून कॅसेटवर भरायच्या, वर्ध्यातल्या अंध मुलांच्या शाळेसाठी. शाळेतल्या प्रती वाजवून वाजवून झिजल्या. मूळ कॅसेटी घरच्या ट्रंकेत होत्या. २००४ च्या दिवाळीआधी बाई गेल्या. तो आवाज आता जगात तेवढ्या ट्रंकेत होता.

आता माझं सांगतो. १९९८ साली नालवाडीच्या ताराचंदच्या दुकानात माझी जुळणी झाली. ताराचंद आधी रेडिओ-टेप विकायचा, मग संगणक विकू लागला. त्याने माझ्यात चौसष्ट एमबी रॅम बसवली तेव्हा लोक पाहायला आले होते. टायपिंगच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये मी पाच वर्षं काम केलं. मला थंड खोली होती, अंगावर फुलाफुलांचं कव्हर होतं, चपला बाहेर काढल्याशिवाय कोणी माझ्याजवळ येत नसे. मग नवे संगणक आले आणि मी ताराचंदच्या माळ्यावर, पोत्याखाली पडलो. रूपरावांनी मला मागितलं तेव्हा ताराचंद म्हणाला होता, "भाऊ, हा म्हातारा झाला. काऊन नेता?" रूपराव म्हणाले, "मी बी झालो. जमन आमचं."

रूपराव टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मेकॅनिक होते. बिघाड दिसला की मुळापाशी गेल्याशिवाय ते उठत नसत. धडा हरवल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी ताराचंदला बोलावलं.

"आवाज टेपात सलग होता," रूपराव म्हणाले. "मंग यानं काऊन तोडला?"

ताराचंदने माझ्यावर लिनक्स टाकलेलं होतं. एका मासिकासोबत त्याची सीडी फुकट मिळाली होती. त्याने डोकं खाजवलं आणि खरं ते सांगितलं. "भाऊ, याची रॅम म्हणजे लहान टेबल हाय. भरलं का हा सामान उचलते अन् मागच्या खोलीत नेऊन ठेवते. मागची खोली म्हणजे डिस्क. तिले स्वॅप म्हणते. तुमचा आवाज येऊन राह्यला अन् हा मागं सामान नेऊन राह्यला. तेवढ्यात दोन शब्द गेले."

"कवा न्यायचं, किती न्यायचं, हे कोण ठरवते?"

"याचा कर्नल. म्हणजे याचा कारभारी. पण त्याचे आकडे बदलता येते म्हणते. मी कवा बदलले नाई."

मित्रांनो, सात वर्षांत माझ्या आत कोणी इतकं खोल पाहिलं नव्हतं. माझ्याच डिस्कवर त्या आकड्यांची माहिती इंग्रजीत पडून होती. रूपरावांनी ती शब्दकोश घेऊन वाचली. आठ दिवस लागले. एक आकडा होता साठ. सामान मागच्या खोलीत न्यायची मला किती घाई, ते तो सांगायचा. दुसरा होता दहा. न लिहिलेला मजकूर रॅमच्या दहा टक्के साठला की मी तो डिस्कवर लिहायला घ्यायचो, नाहीतर शिळा होईपर्यंत सांभाळायचो आणि मग एकदम ओतायचो. माझी डिस्क म्हातारी. ओतताना तिला दम लागायचा आणि माझे कान बंद व्हायचे.

आता बाईंच्या कॅसेटला हात लावायचा नव्हता. ताराचंदने दुकानातून एका लग्नाच्या बँडची कॅसेट आणली. "ही तुटली तरी नवरदेव काही तक्रार घेऊन येत नाई," तो म्हणाला.

मग सुरू झाले प्रयोग. ते दिवस मी विसरणार नाही. रूपराव कानाला हेडफोन लावून बसायचे आणि तुटलेल्या जागा बोटांवर मोजायचे. अर्ध्या तासात अठ्ठावन्न. साठाचे तीस केले, एकेचाळीस. तिसाचे दहा केले, एकोणीस. प्रत्येक वेळी माझा पंखा जोरात फिरायचा आणि मला वाटायचं, आता जमतंय. मग रूपरावांना घाई झाली. त्यांनी मागची खोलीच बंद केली, स्वॅप पुरा काढून टाकला. बारा मिनिटं एकही सूर तुटला नाही. तेराव्या मिनिटाला रॅम गच्च भरली आणि कर्नलने रेकॉर्डिंगचा प्रोग्रामच मारून टाकला. बँड एकदम गप्प.

ताराचंद हसून हसून खुर्चीतून घसरला. "दार लावून घेतलं तुमी. मंग सामान ठेवीन कुठं थो? फेकलं त्यानं बाहेर."

"हासू नको," रूपराव म्हणाले, पण तेही हसत होते. या घरात आल्यापासून मी ऐकलेलं ते पहिलं हसू.

स्वॅप परत सुरू झाला. घाईचा आकडा दहाच ठेवला. दुसऱ्या आकड्याचे दोन केले आणि मजकूर तीस सेकंदांऐवजी पाचच सेकंद सांभाळायला सांगितला. आता मी थोडं थोडं आणि सारखं लिहू लागलो. अर्धा तास झाला. रूपरावांनी मूठ उघडली नाही. एकही सूर तुटला नव्हता. दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा केलं. शून्य, शून्य.

एक्स्चेंजची शिस्त अशी होती, की कुठलाही रिले, म्हणजे लाइन जोडणारी कळ, हलवला तर रजिस्टरात नोंद करायची. रूपरावांनी जाड वही काढली. तारीख, वेळ, जुना आकडा, नवा आकडा, सही. दुसऱ्या दिवशी बाईंची दुसरी कॅसेट लावायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भारनियमन होतं. चार तास वीज नव्हती. वीज आल्यावर रूपरावांनी मला सुरू केलं, वही उघडून आकडे पाहिले, मान हलवली आणि कॅसेट लावली. मित्रांनो, मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. माझा घाईचा आकडा पुन्हा साठ झाला होता.

अठ्ठाविसाव्या सेकंदाला आवाज तुटला. रूपरावांचं बोट टेपच्या बटणावरच होतं. त्यांनी तिथेच कॅसेट थांबवली. चार शब्द गेले. बाकीचा धडा वाचला.

ताराचंद आला. रूपरावांनी वही पुढे केली. "पाह्य, लिहिलं हाय मी. सही बी हाय."

"भाऊ, वही तुमी वाचता. यानं वाचली काय?"

"एकदा पेच फिरवला का फिरला. आमच्या एक्स्चेंजात चाळीस वर्षं तसंच चाललं."

"याच्यात पेच नाई. वीज गेली का हा कोरा होते. उठल्यावर हा एकच फाइल वाचते. आकडे तिच्यात लिहा, म्हणजे रोज सकाळी सोताच लावून घेईन."

रूपरावांनी वही मिटली. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि एका बोटाने, एकेक अक्षर दाबत, ते तीन आकडे माझ्या फाइलीत लिहिले. एवढ्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी मुद्दाम मला बंद केलं, वायर काढली, चहा पिऊन आले, मला सुरू केलं आणि आकडे विचारले. दहा, दोन, पाच सेकंद. पुन्हा वायर काढली. तीन वेळा. तिसऱ्यांदा ताराचंद म्हणाला, "आता लावा, नाईतर पुन्हा लाइन जाईन."

कॅसेट पुढे सुरू झाली. मी इतकं लक्ष देऊन कधीच ऐकलं नव्हतं. थोडं ऐकायचं, थोडं लिहायचं. पचनसंस्थेचा धडा चालू होता. मध्येच कुकरची शिट्टी झाली आणि बाई वाचता वाचता म्हणाल्या, "अवो, कुकर उतरवा ना. तीन झाल्या." मागून लांबून आवाज आला, "उतरवून राह्यलो." तो रूपरावांचाच होता. मग बाई पुन्हा म्हणाल्या, "तर मुलांनो, लहान आतडे सुमारे सहा मीटर लांब असते."

रूपराव उठून मोरीत गेले आणि बराच वेळ नळ चालू ठेवला. ताराचंद माझ्या पडद्यावर लक्ष ठेवून बसला. बाजू संपली. एकही शब्द तुटला नव्हता.

अंध शाळेचे सदाशिवराव सर स्वतः अंध आहेत. ते पुढच्या आठवड्यात, ताराचंदने भरून दिलेली या धड्याची सीडी न्यायला आले. "जयभीम रूपरावजी," म्हणत त्यांनी टेबल चाचपलं आणि हात माझ्यावर ठेवला. मी गरम होतो. ताराचंदने विचारलं, "सर, कुकरचं काटून टाकू काय?"

"हात नका लावू," सर म्हणाले. "जुन्या कॅसेटीत बी होतं थे. पोरं शिट्ट्या मोजत."

"पण पुस्तक बदलन म्हणते ना सर आता?"

"पुस्तक बदलन. आतडं सहा मीटरच राहीन."

मे महिन्याच्या शेवटी तेवीस कॅसेटी माझ्यावर उतरल्या. मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखं जुनं यंत्र असेल तर ते भंगारात देण्याआधी एकदा आत पाहा. ते कशात अडतं हे विचारा. आणि काही बदललंत, तर जिथे यंत्र वाचेल तिथे लिहून ठेवा. आपल्या वहीत लिहून आपलंच समाधान होतं.

चोविसाव्या कॅसेटची दुसरी बाजू अर्धीच भरलेली आहे. २००३ च्या डिसेंबरमध्ये भरली होती. शेवटी बाई थोड्या खोकतात आणि म्हणतात, "आज इथे थांबू. उद्या बारावा धडा." त्यापुढे टेप कोरी आहे. रूपरावांनी ताराचंदकडून एक माइक आणून माझ्या शेजारी ठेवला आहे. बारावा ते सोळावा, असे पाच धडे अजून कोणी वाचलेले नाहीत.